वेंकटरावांचा आठ पेडी चाबूक

तंजावरात आमच्या शेजारचे वेंकटराव जिनगर बायकोला भ्यायचे, मुलीला भ्यायचे, टाऊन बसच्या कंडक्टरलासुद्धा भ्यायचे. पण हातात चाबूक आला की राजवाड्यातल्या तोफेलाही त्यांनी दरडावलं असतं. नवा चाबूक तयार झाला की परसात उभे राहून तो ते एकदा हवेत फोडायचे. असा कडाका उठायचा, की गल्लीतली कुत्री शेपूट घालून पळायची आणि समोरच्या शेषम्मा आजी खिडकीतून ओरडायच्या, "मेल्या, दिवाळी होऊन गेली!"

त्यांचे पूर्वज मराठे राजांच्या पागेत खोगीर शिवायला आलेले. राजे गेले, घोडे गेले, जिनगर राहिले. पुढं बैलगाड्यांच्या चाबकांवर घर चाललं. मग ट्रॅक्टर आले. शहाण्णव सालापर्यंत चाबूक मागायला येणारी माणसं एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. मुलगी साईप्रिया हिनं कोपऱ्यावर एसटीडी बूथ काढला होता. ती रोज म्हणायची, "अप्पा, कातड्यात नाक खुपसून काय बसता? बूथमध्ये पंख्यापुढं बसा की."

त्या सालच्या पोंगलला, म्हणजे संक्रांतीला, तीन आठवडे उरले असताना कावेरीकाठच्या एका गावचे रामस्वामी दारात आले. त्यांची बैलजोडी शर्यतीत धावणार होती. त्या गावचा नियम भारी: प्रत्येक चाबकाचं टोक ओल्या कुंकवात बुडवून द्यायचं. चाबूक हवेतच वाजला पाहिजे. बैलाच्या पाठीवर लाल ठिपका दिसला, की गाडी पहिली आली तरी बाद.

"या वर्षी सगळे नायलॉनचे घेताहेत," रामस्वामी म्हणाले. "पण माझा गाडीवान तुमचाच मागतो."

वेंकटरावांची छाती अशी फुगली, की सदऱ्याचं बटण माझ्या कॉफीत पडतंय की काय असं वाटलं. "माझ्या चाबकाचा एक ठिपका जरी बैलावर दिसला, तर दुसऱ्या दिवशी मी बूथमध्ये!"

साईप्रिया गर्रकन माझ्याकडे वळली. "जयतीर्थकाका, साक्षी तुम्ही."

असल्या कामाला मी कधी नाही म्हटलंय?

मग पंधरा दिवस काय थाट! आधी ते गावी जाऊन गाडीवान सुब्रह्मण्य याचा हात आणि बैलांच्या पाठीपर्यंतचं अंतर वितींनी मोजून आले. गोल कापलेल्या कातड्यातून रापीनं जांगिरी जिलबीसारखी फिरवत अखंड वादी काढली. मुठीपाशी आठ पेड, पुढं सहा, मग चार, टोकाला दोन. एक पेड दातात, एक पायाच्या अंगठ्यात. मी म्हटलं, "वेंकटराव, मुलीची वेणी कधी इतक्या मायेनं घातली होती का?" तोंडात वादी असल्यामुळं शिवी गिळावी लागली त्यांना.

चाबूक झाला, वाजला, शेषम्मा आजी ओरडल्या. सगळं यथासांग. शर्यत माट्टु पोंगलच्या दुसऱ्या दिवशी होती. माट्टु पोंगलला गाईगुरं न्हातात, दोर, जू, गाडी सगळं धुऊन पुजलं जातं. वेंकटरावांच्या बायको जयलक्ष्मीवहिनी नवऱ्यापेक्षा देवाला जास्त मानणाऱ्या. त्यांनी विचार केला, उद्या बैलांपुढं जाणारी वस्तू, तिलाच तेवढी अंघोळ का नको? आणि चाबूक हळदीच्या पाण्यात घातला! नुसता बुडवून काढला असता तर एक वेळ चाललं असतं. दोन तास भिजवला, साबुदाण्यासारखा.

वेंकटरावांनी तो बाहेर काढला तेव्हा पिवळाजर्द, फुगलेला, पडवळासारखा लोंबत होता.

"अय्यो! घर बुडवलंस!"

"देवाचं नाव घेऊन केलं हो!"

"देवाला चाबूक वळता येतो का?"

उन्हात टाकला तर कातडं तडकणार. त्यांनी तो पेरूच्या सावलीत टांगला, खाली वरवंटा बांधला आणि एरंडेल चोळत बसले. पण पौषातली दमट हवा. वारं म्हणून नाही. एवढ्यात साईप्रिया बूथ बंद करून आली. काखेत बूथमधला टेबलफॅन.

"तू तर मी हरायची वाट बघत होतीस ना?"

"बघतेच आहे. पण हळदीच्या पाण्यानं हरलात तर मला त्यात काय मजा?"

सकाळी चाबूक खडखडीत वाळला. पेड एकमेकांत असे घट्ट बसले होते, की केससुद्धा शिरला नसता. साईप्रियेसकट आम्ही खुशीत बस धरली. अर्ध्या वाटेवर वेंकटरावांनी सहज वितीनं मोजलं आणि तोंडचं पाणीच पळालं. वरवंट्यानं ताणून चाबूक चार बोटं लांब झाला होता. चार बोटं म्हणजे थेट बैलाची पाठ!

"मूठ धरा, जयतीर्थराव! घट्ट!"

मी पुढच्या सीटवर मूठ धरून, ते मागं टोक उसवत. मधे ताणलेल्या चाबकाखालून उतारू वाकून जात होते. कंडक्टर खेकसला, "याचंही तिकीट काढा!" पहिल्यांदाच वेंकटराव त्याच्यावर ओरडले, "दोन काढतो, पण ब्रेक मारू नका!" शेवटच्या वळणावर चार बोटं कापून टोकाला पुन्हा गाठ बसली.

आणि मग ती शर्यत! धूळ, ढोल, किंकाळ्या. सुब्रह्मण्य उभा राहिला, चाबूक फिरला आणि फाट्! बैल कानात वारं शिरल्यासारखे सुटले. एकदा नाही, सात वेळा वाजला. मी कुणाच्या तरी खांद्यावर चढलो होतो. कुणाच्या ते अजून माहीत नाही. एक नायलॉनवाली गाडी हातभर पुढं निघाली आणि पहिली आली. आमची दुसरी.

पंच ओलं फडकं घेऊन पाठी बघू लागले. नायलॉनवाल्या बैलावर दोन लाल रेघा, फडक्याला पुसून आल्या. बाद! आम्ही नाचायला लागलो, तोच पंच आमच्या डाव्या बैलापाशी थांबले. खांद्यावर लाल ठिपका.

वेंकटरावांनी डोळे मिटले. साईप्रियेनं त्यांचा हात धरला. ही पोरगी जिंकल्यावर रडेल असं मला तोवर वाटलं नव्हतं, पण तिचे डोळे भरले होते.

पंचांनी कोरं फडकं ओलं करून ठिपका पुसला. जाईना. पुन्हा घासला. फडकं पांढरं ते पांढरंच. मग त्यांनी बैलाच्या लालभडक शिंगाकडं बोट दाखवलं. आदल्या दिवशी शिंगं रंगवताना ऑइल पेंटचा थेंब ओघळला होता!

जो गलका उठला, तो शेषम्मा आजींना तंजावरात ऐकू गेला असेल. "बूथचं राहू दे आता," साईप्रिया नाक पुसत म्हणाली. रामस्वामींनी वेंकटरावांच्या गळ्यात बैलाचाच हार घातला. त्यांना त्याचं भानही नव्हतं, कारण चारपाच गाडीवान भोवती जमले होते आणि ते झेंडूत हनुवटी बुडवून एकाच्या दंडापासून बोटापर्यंत वीत टाकत होते.

"हात ताठ कर रे! लाजतोस काय, सोयरीक नाही ठरवत तुझी. साडेतीन विती आणि दोन बोटं. जयतीर्थराव, लक्षात ठेवा! हं, पुढचा या!"