मडमेला पाजलेलं रॉकेल

लग्नाला आठ महिने झाले होते आणि मी एका शेगडीवर जळत होते. गंमत अशी, की शेगडी काही केल्या पेटत नव्हती. जळायची ती मीच.

आमचे हे तेव्हा पिंपरीला नव्याने निघालेल्या कंपनीत फिटर होते. देहूरोडच्या एका भंगारवाल्याकडून त्यांनी ती आणली. लढाईतल्या गोऱ्या सोल्जरांची, पेट्रोलवर चालणारी, पितळी टाकीची, घडी घालून पेटीत मावणारी आणि आतून पार किटण चढलेली. घरात आल्या आल्या तिचं नाव पडलं मडम.

सासूबाईंसमोर नवराबायकोनं बोलायचं नाही, अशी तेव्हाची रीत. संध्याकाळी त्या देवळात जायच्या, तेवढा तासभर काय तो आमचा. दिवसभराचं बोलणं मी त्या तासासाठी साठवून ठेवायची. आणि हे शिफ्टवरून येऊन सायकल भिंतीला टेकवली की मडमेला मांडीवर घेऊन ओट्यावर बसायचे. टाकीत बारीक खडे आणि रिठ्याचं पाणी घालून, तान्ह्या पोराला खेळवावं तसं तिला हलवायचे. चहा गार व्हायचा.

"श्वास कोंडलाय बिचारीचा," म्हणायचे.

इथे माझा कोंडला होता, त्याची चौकशी नाही.

कहर झाला तो पंपात हवा धरणाऱ्या वायसरपायी. जुन्या चपलेचं चामडं त्यांनी गोल कापलं आणि मऊ पडावं म्हणून माझ्या खोबरेलात बुडवून ठेवलं. चार दिवस मी कोरड्या केसांनी हिंडले आणि चपलेचा तुकडा तेलात लोळत पडला. सासूबाईंनी ते बघितलं.

"बये, यापरीस सवत परवाडली," त्या म्हणाल्या. "ती निदान धुनं तरी धुती."

टोमण्याची पिन मारण्यात त्यांचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं.

मडम जोडून झाली तेव्हा हे म्हणाले, "उद्या येताना पेट्रोल आणतो, मग बघ तिचा तोरा."

मी म्हटलं, तोरा मीच बघते. हिला पेटवून, हिच्यावर चहा करून यांच्यापुढे ठेवायचा, म्हणजे घरात मालकीण कोण ते दोघांनाही कळेल. दुपारी सासूबाईंचा डोळा लागल्यावर मी टाकी रॉकेलनं भरली. स्टोव्ह म्हटला की रॉकेल, एवढीच माझी विद्या. पेट्रोल मोटारी पितात, हिला कसला आलाय थाट? पंप मारला, काडी लावली. पिवळा जाळ कौलांकडे झेपावला, काळा धूर घरभर झाला आणि मडम दोनदा खोकून विझली. मी तिला पुसून, पेटीत घालून, जशीच्या तशी ठेवली. स्वतःचं नाक पुसायचं मात्र राहिलं.

संध्याकाळी यांनी टाकीचं झाकण उघडून वास घेतला. मग माझ्या नाकाकडे बघितलं.

"रॉकेल पाजलंस हिला?"

"तहानलेली दिसली," मी म्हटलं.

ते हसले नाहीत, ओरडलेही नाहीत. "नळी काजळीनं भरली असणार. सगळी परत खोलायची आता. धर टाकी," एवढंच म्हणाले.

मी टाकी धरली. पुढचे पाच-सहा दिवस रोज धरली. नळीच्या टोकाच्या भोकात यांची जाड बोटं पिन घालू शकेनात, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. हात कामात असले की या माणसाला बोलता येतं, हे मला तेव्हा कळलं. कंपनीतला साहेब कसा चालतो ते करून दाखवलं, माझ्या माहेरच्या म्हशीची चौकशी केली. माझं आठ महिन्यांचं साठलेलंही बरंच रिकामं झालं.

मग एका संध्याकाळी मडम पेटली. निळीशार, घोंघों करत. हे हात पुसत म्हणाले, "झालं बाई एकदाचं. उद्यापासून तालमीत जाऊन बसायला मोकळा."

म्हणजे आमचा तास गेला तालमीत. मडमेचा इतका राग मला ती बंद होती तेव्हाही आला नव्हता. बरी व्हायची एवढी घाई कशाला करावी बाईनं?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पंप खोलला आणि वायसर उलटा बसवला.

संध्याकाळी तालमीला निघण्याआधी यांनी हौसेनं पंप मारला. हवा धरेना. पुन्हा मारला.

"काल तर चांगली होती," हे म्हणाले.

"मडमांचं असंच असतं," म्हणत मी पक्कड त्यांच्या हातात दिली आणि टाकी धरून समोर बसले.