गोल झाल्यावरची केतकी

फोन आला तेव्हा मी क्रॉयडनच्या ट्राममध्ये होतो. बाबा फक्त म्हणाले, "ये." पुढचं काही सांगायची गरजच नव्हती. माझी धाकटी बहीण केतकी वर्षभर आजारी होती, त्यामुळे ती गेल्याचा धक्का वगैरे बसला नाही. शीण मात्र अंगात उतरला तो उतरलाच. आता फुलं थांबली, डबे थांबले. ऑफिसात कुणी अजूनही "How are you bearing up?" विचारतं आणि मला उत्तर द्यायचाही कंटाळा येतो...

आम्ही पुण्याहून लंडनला आलो तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. केतकीचा जन्म इथलाच, स्टॅनमोरचा. शाळेत तिच्या हाती पुढे जाळी असलेली लॅक्रोसची काठी आली आणि संपलंच सगळं! चिखलाने बरबटून घरी यायची, तशीच सोफ्यावर बसायची, वर मलाच म्हणायची, "दादा, चहा टाक ना." त्या खेळावर अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटीची स्कॉलरशिप मिळवली, तिथे रेकॉर्ड केला, पुढे प्रोफेशनल लीगमध्ये खेळली. गुडघे बोलायला लागले तेव्हा परत येऊन बेसिंगस्टोकच्या एका शाळेत मुलींना शिकवू लागली.

पण रेकॉर्ड गोलांचा नव्हता, आणि आमच्या घरात सगळं घोडं तिथेच अडलं. या खेळात प्रत्येक गोलनंतर बॉल पुन्हा मैदानाच्या मधोमध येतो. दोन मुली समोरासमोर उभ्या राहतात, काठ्यांच्या मध्ये बॉल धरलेला असतो, शिट्टी वाजली की जी मिळवेल तिची टीम पुढे जाते. त्याला ड्रॉ म्हणतात. त्या युनिव्हर्सिटीत केतकीइतके ड्रॉ कुणी जिंकले नव्हते. बाबा मात्र दर रविवारी फोनवर एकच विचारायचे, "गोल किती केलेस?"

"शून्य, बाबा. पण बॉल मी जिंकला ना!"

"बरं, बरं. पुढच्या वेळी कर हं."

माणूस प्रेमळच, पण समजून घेईल तर शपथ. इथल्या मराठी मंडळात सगळ्यांना सांगायचे, मुलगी हॉकी खेळते. मी कितीदा डोकं फोडलं! एकदा केतकी वैतागून म्हणाली, "दादा, त्यांना माझं काम दिसतच नाही." त्यानंतर तिने मॅचचे व्हिडिओ पाठवणं बंद केलं. फोनवर दोघं हवामानाबद्दल बोलायचे. शेवटच्या महिन्यांत बाबा रोज तिच्या उशाशी बसायचे, तेव्हाही तो विषय कुणी काढला नाही. मला त्या दोघांचाही राग यायचा, आणि अजून येतो.

तिच्या स्मरणसभेला तिची टीममेट अमेरिकेहून आली होती, ढीगभर गोल करणारी. बाबांचे हात हातात घेऊन तिने सांगितलं, "माझे गोल सगळ्यांना आठवतात. पण दर वेळी बॉल आणून दिला तो केतकीने. ती नसती तर मी नुसती उभी राहिले असते." बाबांनी मान हलवली.

गेल्या रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेलो, तर चहा व्हायच्या आत म्हणाले, "तिची एखादी मॅच लाव." खरं सांगतो, माझ्यात तेवढं त्राण नव्हतं. तरी लॅपटॉप उघडला. थोड्या वेळाने तिच्या टीमचा गोल झाला, मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या, आणि मी व्हिडिओ पुढे सरकवायला हात नेला. बाबांनी माझं मनगट धरलं.

"थांब रे... आता ती येईल."

आणि आली. बाकीच्या अजून नाचत होत्या, केतकी एकटी मधोमध चालत आली, केस घट्ट बांधले, काठी आडवी धरून वाकली. शिट्टी वाजली. बॉल तिच्या जाळीत गेला आणि बाबांनी जोरात टाळी वाजवली.

"वा गं पोरी!" ते म्हणाले, आणि मग त्यांना रडू आवरेना.