आंब्यावरची हरकत

२००३ साली मी नाशकात झाडतोडीचे अर्ज बघायचो. झाड स्वतःच्या अंगणातलं असलं तरी परवानगी लागायची, आणि आधी खोडावर नोटीस लावून लोकांच्या हरकती मागवायच्या. कुत्रंही फिरकायचं नाही.

जेलरोडच्या द्वारकाबाई गायधनी मात्र आल्या. खोडावरची नोटीसच फाडून आणली होती. "आंबा माझा आहे. माझी हरकत लिहून घ्या."

मी फाइल काढली. अर्ज त्यांच्याच नावाचा, सहीही त्यांचीच.

"उदय म्हणाला, नळजोडणीचा कागद आहे," त्या पुटपुटल्या. उदय म्हणजे त्यांचा मुलगा. त्याला गाडी लावायला जागा हवी होती.

माझं डोकंच फिरलं. "मावशी, अर्ज मागे घ्या. कारण लिहा, मुलाने फसवून सही घेतली."

त्यांनी पेन उचललं, बराच वेळ धरलं आणि खाली ठेवलं. "पोराविरुद्ध कसं लिहू?"

दारातून त्या मागे वळल्या. "तोडा. पण बुंधा खणू नका म्हणावं. खाली उदयची नाळ पुरलीय."

'विचार बदलला' एवढं लिहिलं असतं तरी अर्ज रद्द झाला असता. रागाच्या भरात मला ते सुचलंच नाही.