ईदच्या सुट्टीतला मऊ बर्फ

कतारमधल्या आमच्या प्लांटमध्ये मला मराठीत पहिली हाक मारली ती त्यांनी. तेही नाशिकचे, माझ्याहून आठ वर्षांनी मोठे. मी त्यांना दादा म्हणू लागलो आणि त्यांच्या बायकोला वहिनी. दादांनी तरुणपणी मनालीला गिर्यारोहणाचा कोर्स केला होता, स्कीइंगही तिथेच शिकले होते. कतारमध्ये डोंगर नावालाही नाही, म्हणून दर ईदच्या सुट्टीत ते जॉर्जियाला जायचे. डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टच्या गर्दीत त्यांना रस नव्हता. स्कीच्या तळाला केसाळ पट्टे चिकटवून स्वतःच्या पायांनी डोंगर चढायचा आणि मोकळ्या, उभ्या उतारावरून खाली यायचं, हे त्यांचं वेड. मला ते लागलं त्यांच्यामुळेच.

तयारी वर्षभर चालायची. शुक्रवारी सकाळी उजाडता उजाडता ते दोह्यातल्या अल हिलालच्या घरून निघायचे, अल वक्र्याला माझ्या दाराशी मला गाडीत घ्यायचे आणि आम्ही वाळूच्या टेकड्यांकडे जायचो. वहिनी डब्यात पोहे आणायच्या. त्यांची मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. बर्फात गाडल्या गेलेल्या माणसाचा माग काढणारं एक छोटं यंत्र असतं, बीकन म्हणतात त्याला. प्रत्येकाच्या छातीवर एक बांधलेलं असतं. ती मुलगी एक बीकन प्लास्टिकच्या डब्यात घालून वाळूत पुरायची आणि वरून हात फिरवून खुणा पुसून टाकायची. दुसरं बीकन हातात धरून मी शोधायचं. दादा घड्याळ लावून उभे.

"काका, यू आर सो स्लो," ती म्हणायची. मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत.

मी डबा उकरून काढला की दादा शाबासकी द्यायचे आणि लगेच सांगायचे, "हे चूक झाल्यानंतरचं आहे बरं का. खरी अक्कल त्याच्या आधी लागते."

त्या आधीच्या अकलेबद्दल ते गाडीत बोलायचे. वसंतातला बर्फ घड्याळावर चालतो, असं त्यांचं म्हणणं. रात्री आकाश मोकळं असलं तर वरचा थर गोठून घट्ट होतो. पहाटे त्याच्यावरून चढायचं. ऊन लागून बोटभर थर मऊ झाला की उतरायचं. त्याहून उशीर केला तर पाणी आत मुरतं आणि अख्खा उतार जागा सोडतो. "अकरा वाजता असू तिथून मागे वळायचं. माथा दहा पावलांवर असला तरी."

आणि ते वळायचेही. एका वर्षी माथा अगदी समोर दिसत असताना त्यांनी घड्याळ पाहिलं आणि स्की फिरवली. मी संध्याकाळपर्यंत घुश्शात होतो. त्यांनी चीज भरलेली गरम रोटी माझ्यापुढे सरकवली.

पुढच्या वर्षी आमची तिसरी ट्रिप होती. शेवटचा दिवस, दुसऱ्या दिवशी परतीचं विमान. रात्रभर ढग होते. पहाटे गेस्टहाउसच्या म्हाताऱ्या मालकाने अंगणातल्या बर्फात काठी खुपसली, ती सरळ खाली गेली. त्याने आमच्याकडे बघून नकारार्थी मान हलवली. दादांनाही ते दिसलं होतं. ते म्हणाले, "आज उभ्या बाजूला जायचं नाही. चढ कमी आहे तिकडून खिंडीपर्यंत जाऊ आणि परत येऊ."

वाटेत माझ्या स्कीचे पट्टे ओले झाले आणि सुटू लागले. मी ते पुसायचो, पुन्हा चिकटवायचो, पन्नास पावलांवर ते पुन्हा सुटायचे. त्यात तासभर गेला. दादांनी एकदाही घाई केली नाही. खिंडीच्या जरा खाली आलो तेव्हा अकरा वाजून गेले होते, ढग फाटले होते आणि ऊन कडक लागत होतं. खिंडीत जायला शेवटी मात्र एक उभा उतार आडवा पार करावा लागणार होता. वरच्या खडकांपासून बर्फाचे छोटे गोळे सुटून घरंगळत खाली येत होते.

"वळू या," दादा म्हणाले.

मी म्हणालो, "दादा, पंधरा मिनिटांचं तर काम आहे. उद्या फ्लाइट. मग वर्षभर पुन्हा तीच शिफ्ट नि तोच प्लांट."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. उताराकडे नाही, माझ्याकडे. त्या घुश्शातल्या संध्याकाळची त्यांना आठवण झाली असेल का, हे मी स्वतःला फार वेळा विचारलं आहे.

"ठीक आहे," ते म्हणाले. "पण एकेकाने. मी आधी जातो. मी पलीकडे पोचेपर्यंत तू पाऊल टाकायचं नाही."

ते मध्यावर असताना उतार सुटला. मोठा आवाज झालाच नाही. कालवलेलं सिमेंट कलंडावं तसा तो ओला बर्फ सावकाश सरकला आणि त्यांना घेऊन खालच्या खडकांवरून गेला.

सगळं थांबल्यावर मी खाली उतरलो. जे वाळूत शिकलो होतो ते हातांनी आपोआप केलं. बीकनवरचा अंतराचा आकडा कमी होत गेला, काठी टोचली, ती लागली, फावडं चालवलं. बर्फ तोवर दगडासारखा आवळून बसला होता. नऊ मिनिटांत मी त्यांचा चेहरा मोकळा केला. वाळूतसुद्धा मी कधी इतका लवकर पोचलो नव्हतो. पण खडकावर आपटून त्यांची मान मोडली होती. माझ्या लवकर पोचण्याचा त्यांना काहीच उपयोग नव्हता.

दादांना मीच नाशिकला घेऊन गेलो. तिथे कोणी मला काही विचारलं नाही. उलट नातेवाईक माझ्या पाठीवरून हात फिरवत होते, एकट्याने उकरून काढलं म्हणत होते. मी ते ऐकून घेत राहिलो.

महिन्याभराने वहिनी आणि मुलगी दोह्याला परत आल्या. दोघींचा व्हिसा दादांच्या नोकरीवर होता, तो रद्द व्हायचा होता. शाळेची परीक्षा उरकून घर आवरायचं होतं. खोकी बांधायला मी गेलो. दादांचे प्लांटचे बूट दाराशी तसेच होते. मुलगी पुस्तकं भरता भरता थांबली आणि म्हणाली, "बाबा ऑल्वेज टर्न्ड अराउंड. व्हाय नॉट दॅट डे?"

वहिनींनी तिला थांबवलं नाही. त्यांनाही तेच विचारायचं होतं.

मी सगळं सांगितलं. पट्टे सुटले ते, अकरा वाजले ते, दादा वळू या म्हणाले ते आणि मी काय म्हणालो तेही. मराठीत सांगितलं. मुलीने शेवटपर्यंत ऐकलं आणि उठून आतल्या खोलीत गेली.

वहिनी बराच वेळ चिकटपट्टीचं टोक शोधत राहिल्या. मग म्हणाल्या, "यांनाही जायचं असणार, भावजी. तुम्ही म्हणालात म्हणूनच गेले, असं मी म्हणणार नाही." त्यांनी सापडलेलं टोक ओढलं. "पण तुम्ही म्हणाला नसतात तर बरं झालं असतं."

"हो," मी म्हणालो.

मग आम्ही उरलेली खोकी बांधली. जूनमध्ये मी त्यांना विमानतळावर सोडलं. वहिनींनी पोचल्याचा फोन केला.

पुढच्या वर्षी ऑफिसातली दोन नवी पोरं जॉर्जियाची चौकशी करायला आली. कुठली स्की, कुठलं गेस्टहाउस, असले त्यांचे प्रश्न. मी त्यांना म्हटलं, निघायच्या आधी एक ठरवा: दोघांतला एक जरी वळू या म्हणाला तर दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही, नंतर रुसायचंही नाही. त्यांनी माना डोलावल्या आणि पुन्हा भाड्याच्या स्कीबद्दल विचारलं.

दिवाळीला मी वहिनींना फोन करतो. त्या नीट बोलतात, माझ्या आईची चौकशी करतात. मुलीबद्दल विचारलं की म्हणतात, अभ्यास चाललाय तिचा. तिला फोन द्या, असं मी म्हणत नाही.