न विचारता वाढवलेला मुक्काम
अगं पोरी, फोन जरा खाली धर की, नुसतं कपाळ दिसतंय तुझं, आणि आजीशी बोलताना ते खाणं थांबव आधी. आज शेजारच्या बाळाला न्हाऊ घातलं, पावडरीचा वास आला आणि तुमच्या परदेशातल्या घरची ती सकाळ आठवली. तू तेव्हा नुकती बसायला लागली होतीस. नाशिकहून निघतानाच मैत्रीण म्हणाली होती, “तिकडं पाळणाघर महाग, म्हणून आईचा व्हिसा काढतात, जपून राहा.” ते काही डोक्यातून जाईना. त्यात माझा पासपोर्ट तुझ्या बाबानं आल्या दिवशीच कपाटात कुलपात ठेवलेला. बाहेर बर्फ, खिडक्या बंद, घरभर दुधाचा नि पावडरीचा वास. तुला मांडीवर घेऊन पावडर लावत होते, तर स्वयंपाकघरात तुझी आई फोनवर हळूच कुणाला म्हणाली, “आईंचा मुक्काम वाढवायला अर्ज केलाय, त्यांना अजून सांगितलं नाही.” माझा हात तिथंच थांबला. संध्याकाळी तुझ्या बाबाला सरळ विचारलं, “मला पोर सांभाळायला ठेवून घेतोस का रे?” त्याचे डोळे भरले. “बाबा गेल्यापासून तू तिथं एकटी. फोन उचलला नाहीस की मला काही सुचत नाही.” मी म्हटलं, “मग मला विचारायला काय झालं होतं?” तो म्हणाला, “तू नाही म्हणाली असतीस.” मी पासपोर्ट मागून घेतला आणि ठरल्या तारखेला परत आले. तो खरं बोलला, का नुसता पाळणाघराचा खर्च वाचवत होता, हे मला अजून नक्की सांगता येत नाही. पण निघताना तू माझं बोट सोडेनास, त्यात मात्र कसलाच डाव नव्हता. सुट्टी लागली की लवकर ये.