वाक्य बरोबर होतं

शिरोळकडच्या एका गावात सोनल मगदूम हायस्कूलला इंग्रजी शिकवायची. पुस्तकातला धडा गुलाब आणि केकचा होता. "केक कुणाच्या घरात रोज हाय गं?" असं म्हणून ती पिशवीतून ओली हळद, गुळाचा खडा, म्हशीची पेंड काढायची. पोरं डोळे मिटून हुंगायची, चाखायची, चाचपायची. "इट स्मेल्स... इट टेस्ट्स... इट फील्स..." चुकलं तर सोनल दुरुस्त करायची. खोटं बोललं, तर मात्र खाली बसवायची.

पालक मेळाव्याला संस्थेचे अध्यक्ष हंबीरराव आले. गावाच्या वरच्या अंगाला त्यांचा कापड रंगवायचा कारखाना. नववीतली अनुजा समोरच्या कुठल्याही वस्तूचं इंग्रजीत वर्णन करणार होती. पाहुण्यांपुढं बाटलीबंद पाणी होतं. अनुजा स्टेजवरून खाली उतरली आणि शाळेच्या नळाचं पाणी पेल्यात भरून घेऊन आली.

"द वॉटर लुक्स ब्लू. इट स्मेल्स लाइक मेडिसिन."

हे सोनलनं तिला सांगितलेलं नव्हतं.

हंबीरराव हसले. "आणि चव? स्वीट म्हण की, पोरी."

"नो सर. आय विल नॉट टेस्ट इट."

"आमची पोरं तेच पित्यात की!" मागून एक बाई ओरडली. सोनल उठली आणि एकटीच टाळ्या वाजवू लागली.

दुसऱ्या दिवशी तिला ऑफिसात बोलावणं आलं.

"पोरीला कुणी पढवलं?" हंबीररावांनी विचारलं.

"मीच. 'स्मेल'ला एस लावायला मीच शिकवलं."

"थट्टा नको, मॅडम. माफी लिहून द्या, विषय मिटला."

"कशाची माफी? वाक्य बरोबर होतं. मी पैकीच्या पैकी मार्क दिलेत."

नोकरी कायम नव्हतीच. "उद्यापासून येऊ नका," एवढ्यावर ती संपली. रागानं स्कूटर दामटत ती घरी आली.

सासरे तात्यासाहेब फार बोलणारे नव्हते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ट्रॅक्टर भाईर लावतो. शेडमधी वर्ग घे."

पहिल्या दिवशी शाळा सुटल्यावर अनुजाची आई लेकीचा हात धरून आली. बाकीचे बिचकत होते; कितीजणांच्या घरातलं कुणी ना कुणी त्या कारखान्यात कामाला होतं. मग मेळाव्यात ओरडलेली बाई आपली दोन्ही पोरं घेऊन आली, आणि हळूहळू शेड भरली. त्याच बायकांनी तालुक्याला जाऊन अर्ज दिला. पाण्याचा नमुना तपासणीला गेला, शाळेचा नळ बंद झाला, टँकर सुरू झाला. कारखाना मात्र चालूच राहिला.

जूनमध्ये हंबीररावांचा माणूस दारात आला. "साहेब परत बोलवत्यात. फक्त ते वास-बीस शिकवायचं न्हाय."

सोनल दारातच उभी राहिली. "साहेबांना सांगा, पुढचा धडा आवाजाचा हाय. कारखान्याच्या भिंतीपाशी घेणार हाय."

आणि तिनं तो तिथंच घेतला.