साराच्या वळणावर चूप

कार्दित्सा शहरातून आग्राफाच्या डोंगरात माव्रोलिथी गावापर्यंत जी मिनीबस जाते, ती वायोस चालवतो. चालवतो कसला, राहतोच तिच्यात. सीटखाली त्याचे जादा बूट, आरशाला आईने दिलेला क्रूस, दारातल्या कप्प्यात ऑलिव्हचा डबा. मागच्या बाकावर कुणाची औषधं, कुणाचं पीठ, कुणी लेकीला धाडलेली कोंबडी. माणूस पन्नाशी उलटलेला, रुंद खांद्यांचा, मिशीतल्या मिशीत हसणारा. गावातल्या म्हाताऱ्या अजून त्याला पोरा म्हणतात आणि तो निमूट ऐकून घेतो.

त्या रस्त्याचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं. एका अंगाला दरी, दुसऱ्या अंगाला सुटलेला डोंगर. साहेबलोकांनी काय केलं? तर दगड पडतानाचं चित्र काढून एक पिवळी पाटी ठोकली आणि गेले. पुढच्याच हिवाळ्यात दगडाने पाटीच आडवी केली. आता बोला!

त्यातही सगळ्यात वाईट जागा म्हणजे सारा. डोंगराच्या माथ्यापासून थेट रस्त्यापर्यंत नुसता सुटा दगडगोटा, त्याला तिथले लोक सारा म्हणतात. वायोसचा धाकटा भाऊ फोतिस तिथेच गेला. लाकडाचा ट्रक घेऊन खाली येत होता. वर शेळ्या चरत होत्या. एकीच्या खुराखालून धोंडा निसटला, आणि संपलं.

शेळ्या होत्या झिसिसच्या. झिसिस म्हणजे वायोसचा जिवाभावाचा दोस्त, वायोसच्या लग्नात तिथल्या रिवाजाप्रमाणे नवरा-नवरीच्या डोक्यावरचे मुकुट झिसिसच्याच हातांनी बदललेले. दुसरा कोणी असता तर वायोसने जन्मभर तोंड पाहिलं नसतं. पण तो झिसिसच्या घरी गेला आणि त्याच्या शेजारी जाऊन बसला. पुढच्या बाजाराला झिसिस यानिना शहराला जाऊन जाडजूड पितळी घंटा घेऊन आला आणि कळपातल्या एकूण एक शेळीच्या गळ्यात बांधल्या.

"खाली रस्त्यावर तुला ऐकू आलं पाहिजे," एवढंच म्हणाला.

तेव्हापासून वायोसचा नियम पडला. साराच्या अलीकडच्या वळणावर गाडी उभी करायची. इंजिन बंद, काच खाली, आणि गाडीतल्या प्रत्येकाने चूप. वर घंटा वाजत असतील तर शेळ्या पलीकडे जाईपर्यंत थांबायचं, मग तासभर लागो. वाजत नसतील तर छातीवर क्रूसाची खूण करायची आणि न थांबता पार व्हायचं. माझ्या गाडीतलं एकही माणूस या साराला देणार नाही, अशी शपथ त्याने भावाच्या थडग्यावर घेतली होती. आणि कधी दिलं नाही.

या नियमाचा सर्वांत जास्त जाच लांब्रिनीमावशीला. बाई सत्तरीची, अंगाने मूठभर, पण तोंडाचा पट्टा असा की ऐकणाऱ्याला धाप लागावी. वळणावर तिला गप्प बसवायचं म्हणजे वायोसची परीक्षाच. ती ओठ आवळून, गाल फुगवून बसायची, आणि गाडी पार झाली रे झाली की अर्धं राहिलेलं वाक्य जिथल्या तिथून पुढे सुरू.

त्या वसंतात झिसिसची आई, आगोरो, गेली. पिकलं पान, कुणाला धक्का बसला नाही. वायोस अंत्यविधीला गेला, शवपेटी खांद्यावर घेतली, दोस्ताच्या घरी कडू कॉफी आणि ब्रँडीचा घोट घेतला आणि संध्याकाळी खाली शहरात घरी परतला. दोन दिवसांनी नेहमीसारखी गाडी काढली. वर जाताना साराच्या वळणावर थांबला. घंटा नाही. शेळ्या आज दुसऱ्या अंगाला असतील, असं मनाशी म्हणत तो आरामात पार झाला.

माव्रोलिथीला लांब्रिनीमावशी चौकात उभीच होती. काळा रुमाल, हातात लेकीसाठी चीजचा डबा.

"पोरा, आज गाडी जरा माणसासारखी चालव. मागच्या खेपेला माझं चीज डब्यात घुसळून निघालं."

"तुझ्या बडबडीने फाटलं असेल, मावशी."

"मेल्या, आधी स्वतःचं पोट बघ! स्टीअरिंगला टेकलंय. बायको काय खायला घालते तुला?"

गाडीत हशा पिकला. मावशी डोंगराकडच्या खिडकीशी, तिच्या ठरलेल्या जागेवर बसली, डबा मांडीवर घेतला आणि सुरू झाली. आगोरोच्या घरच्या कॉफीत साखर कशी कमी होती. धर्मगुरूचा आवाज कसा बसला होता. जावई कसा मागे लागलाय, की खाली येऊन फ्लॅटमध्ये राहा.

"फ्लॅटमध्ये काय करू मी? कबुतरांशी बोलू?"

"नको गं मावशी. कबुतरं जीव देतील."

"हस, हस. मी नसले की कळेल, ही गाडी किती ओकीबोकी वाटते ते."

असं करत करत वळण आलं. वायोसने गाडी उभी केली, इंजिन बंद केलं, काच खाली घेतली. आणि नेमकं तेव्हाच मावशीने कपाळावर हात मारला.

"अगं बाई! वायोस, विसरलेच की रे मी, तुला..."

"मावशी, चूप."

"अरे, पण ऐक तर..."

"नंतर! पलीकडे गेल्यावर हवं तेवढं बोल. आता एक शब्द नको." त्याचा आवाज चढला. आपल्या माणसांना वाचवायचं होतं ना त्याला, म्हणून चढला.

मावशीने त्याच्याकडे पाहिलं, काहीतरी पुटपुटली आणि तोंडावर हात ठेवला. इतक्या वर्षांची सवय. वायोसने कान दिला. खाली नदीचा आवाज, झाडांतून वारा. वर काहीच नाही. त्याने क्रूसाची खूण केली आणि गाडी सुरू केली.

गाडी साराच्या बरोबर मध्यावर आली तेव्हा छतावर आधी खडे वाजले. त्याने वर बघायला मान उचलली, तोवर धोंडा आला. काचा, पत्रा, किंचाळ्या, सगळं एकदम. वायोसचा पाय आपसूक अॅक्सिलरेटरवर दाबला गेला, कारण दगडांखाली थांबायचं नाही हे त्याच्या हाडांत भिनलेलं. गाडी फरफटत पलीकडच्या वळणावर आली आणि बंद पडली.

तो उठून मागे गेला. माणसं रडत होती, एकमेकांना चाचपत होती. डोंगराकडच्या खिडकीशी छत आत दबलं होतं. चीजचा डबा फुटून त्यातलं खारं पाणी खाली वाहत होतं. त्याने मावशीचा हात धरला.

"पार झालो, मावशी. बोल आता." हात लुळा पडला होता. "बोल ना गं! म्हटलं ना, आता बोल!"

कुणीतरी त्याला धरून खाली उतरवलं. त्याने मान वर केली आणि तसाच उभा राहिला. साराच्या माथ्यावर, आभाळाला लागून, शेळ्या ओळीने उभ्या होत्या आणि वाकून खाली बघत होत्या. झिसिसच्याच होत्या. पुढे एकशिंगी म्होरकी. तिच्या गळ्यात काही नव्हतं. एकीच्याही गळ्यात काही नव्हतं. हे कसं शक्य आहे, हे त्याला कळेना. तो खुळ्यासारखा एकेक मान निरखत राहिला.

झिसिस धावत उतरला तेव्हा मावशीवर कुणीतरी घोंगडी पांघरली होती. ती कोण, हे त्याला अजून कळलं नव्हतं.

"आईची शेवटची इच्छा होती रे," तो धापा टाकत म्हणाला. "घरात माणूस गेलं की चाळीस दिवस कळपाच्या घंटा काढायच्या, पूर्वीसारखं. आता कोण पाळतं हे? पण तिने शपथ घातली. काल उतरवल्या. तुला निरोप धाडला होता मी! लांब्रिनीला बजावलं होतं, गाडीत चढल्या चढल्या पहिलं वायोसला सांग, घंटा काढल्यात. तिने सांगितलं नाही?"

वायोसने घोंगडीकडे पाहिलं.

"सांगत होती," तो म्हणाला. "मीच चूप म्हटलं."

त्याच संध्याकाळी झिसिसने घंटा परत बांधल्या. आईच्या सुतकात कळप वाजतोय म्हणून गावाने नावं ठेवली, ठेवू देत.

वायोस अजून गाडी चालवतो. साराच्या अलीकडे थांबतो, इंजिन बंद करतो, काच खाली घेतो. पण चूप म्हणत नाही. मागे वळतो आणि विचारतो, "कुणाला काही सांगायचंय का?" कोणी बोलत नाही. मग डोंगराकडच्या खिडकीकडे बघून तो तेच पुन्हा एकदा विचारतो.